करडईचं दूध

माझा पहिला मुलगा दहा महिन्यांचा होऊन गेला. तो कशानं गेला हे मला पुढं दोन वर्षांनी कळलं. तोवर मी हेच धरून चालले होते की माझं अंगावरचं दूध आटलं म्हणून तो गेला. गावही तसंच म्हणत होतं, आणि म्हणणाऱ्यांचा मला राग आला नाही.

माझं माहेर बीदरजवळचं कमठाणा. पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी औरादच्या अंगाला एका गावात आले. आम्ही लिंगायत. माहेरी घरात कानडी बोलायचो, सासरी मराठी. लग्नानंतर वर्षाच्या आत सासरे वारले. मग घरात मी, माझा नवरा आणि सासू एवढेच राहिलो. सासूला सगळं गाव अव्वा म्हणायचं, मीही अव्वाच म्हणू लागले.

गोठ्यात सात म्हशी होत्या. सकाळी भाकरी दुधात, दुपारी कण्या ताकात, धपाट्याचं पीठ दह्यात मळलेलं, आणि तूप कशावर नव्हतं असं काही नव्हतंच. घरच्याला पुरून उरलेलं तूप औरादच्या बाजाराला जायचं. या घरी पाणी मागणाऱ्याला ताक मिळतं, हे अव्वा दारावर आलेल्या प्रत्येकाला सांगायची. तो तिचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

मुलगा सहा महिने माझ्या दुधावर होता. अंगानं फार भरला नाही, गालावर कायम खरूज असल्यासारखं खरखरीत असायचं, पण हसरा होता. सातव्या महिन्यात मला हिवताप आला. पंधरा दिवस मी शुद्धीत नसल्यासारखी पडून होते. उठले तेव्हा छाती कोरडी होती. अव्वानं त्याला म्हशीचं दूध निम्मं पाणी घालून बोंडल्यानं पाजायला सुरुवात केली होती.

त्या दिवसापासून तो ओकायला लागला. अंगावर लाल गांधी उठायच्या, तासाभरानं बसायच्या. पुढं शी पातळ व्हायला लागली, मग तिच्यात रक्त दिसायला लागलं. अव्वानं म्हैस बदलली. मग शेजारच्या गाईचं दूध आणलं, मग शेळीचं. औरादच्या हकिमानं मुळ्या दिल्या, त्या दुधात उगाळून द्यायच्या होत्या. पोर वाळत चाललं तसं प्रत्येक जण सांगायचा, दूध वाढवा. आम्ही वाढवलं. तो बोंडलं पाहून तोंड फिरवायचा, तेव्हा मी त्याला मांडीत आडवा धरून, नाक दाबून, तोंड उघडलं की ओतायची. ते हात माझे होते. अव्वानं पाय धरलेले असायचे.

शेवटच्या आठवड्यात तो रडतही नव्हता. एका दुपारी मी त्याला पाजून खाली ठेवला, तो निळा पडला आणि परत आला नाही. आमच्यात पुरतात. शेताच्या बांधाला त्याला ठेवून आलो. अव्वा म्हणाली दृष्ट लागली. दुधाचा संशय कुणालाच आला नाही. तो येणार तरी कसा? दुधानं कुणी मरतं असं कुणी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी बाळंतपणाला कमठाण्याला गेले. मुलगी झाली. पाचव्या दिवशी आईनं तिच्या जिभेला मध आणि तुपाचं बोट लावलं. मी पाहत होते. भाकरी उलटायला लागतो तेवढ्याच वेळात तिचा वरचा ओठ सुजून नाकाला टेकला आणि हनुवटीवर त्याच लाल गांधी उठल्या. आईनं घाबरून तिचं तोंड पुसलं, मध खराब असेल म्हणाली.

माहेरची एकुलती गाय तेव्हा आटली होती. मला खायला भाकरी, वरण, तेल, लसूण. तूप विकत आणण्यासारखी माझ्या वडिलांची, अप्पांची स्थिती नव्हती. त्या तीन महिन्यांत मुलीच्या अंगावर एक ठिपका उठला नाही. सासरी परत आले आणि अव्वानं मला डिंकाचे तुपातले लाडू, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर दूध सुरू केलं. आठव्या दिवशी मुलीच्या दुपट्यात रक्त दिसलं.

मी नवऱ्याला सांगितलं की मला अप्पांकडं सोडा, पोरीला बीदरच्या डॉक्टरला दाखवायचंय. तो फार बोलणारा माणूस नव्हता. त्यानं सकाळी गाडी जुंपली. दुसऱ्या दिवशी अप्पा मला बीदरला घेऊन गेले. डॉक्टर म्हातारा होता, त्यानं मुलीला पाहण्याऐवजी मलाच खूप विचारलं. काय खाल्लं, कधी खाल्लं, आधीच्या मुलाला काय होत होतं. मी सांगत गेले. तुपाच्या बोटाचं सांगितल्यावर त्यानं लिहायचं थांबवलं.

"काही लेकरांच्या अंगाला दूध चालत नाही," तो म्हणाला. "फार थोड्यांच्या. हिला एक थेंब देऊ नका. तुम्हीपण दूध, दही, तूप काही खाऊ नका, तुमच्या अंगावाटे तिला जातंय. माझ्याकडं याच्यावर औषध नाही."

मी विचारलं, आणि आधीचा?

तो म्हणाला, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं ना. बस एवढंच. अप्पा बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. मी त्यांना नजर दिली नाही.

घरी येऊन हे अव्वाला सांगणं अवघड होतं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आईचं दूध आन् म्हशीचं दूध यात काय फरक हाय? लक्षुमीला इख म्हणायलीस व्हय तू?" मी वाद घातला नाही. मागच्या अंगणात तीन दगड मांडले, कुंभाराकडून कोरी मडकी आणली, आणि वेगळं रांधू लागले, कारण घरातल्या प्रत्येक भांड्याला तुपाचा वास होता. अव्वा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. गावात झालं की सुनेनं चूल वेगळी केली.

भाकरी, करडईचं तेल, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी. मुलीचं रक्त थांबलं. मी मात्र वाळले. कढी नाही, ताक नाही. भाकरी घशाखाली उतरेना. आणि मुलीला सहावा महिना लागला तेव्हा खरी अडचण उभी राहिली. माझं दूध पुरत नव्हतं. ज्वारीची पेज दिली तर ती खायची, पण वजन धरत नव्हती. मांड्यांची कातडी सैल पडायला लागली. तशी कातडी मी आधी पाहिली होती.

आमच्या रानात खुरपायला येणारी एक बाई म्हणाली की नाल्यापलीकडच्या खालाला विचारा, तिनं नातीला दुधाच्या थेंबाविना वाढवलंय. खाला म्हणजे गावातली एक मुसलमान विधवा. ॲक्शनच्या आधी गावाला रझाकारांचं भय होतं, ॲक्शननंतर मुसलमानांची पाळी आली. खालाचा नवरा आणि दोन मुलगे त्या आठवड्यात गेले. कोणी मारलं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. एक मुलगी हैदराबादेत दिलेली होती. इथं सून बाळंतपणात गेली, आणि नात खालाच्या पदरात राहिली. हे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. त्या घराकडं जायचं नाही, एवढं अव्वानं मला आल्या आल्याच सांगून ठेवलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं.

मी भर दुपारी मुलीला कडेवर घेऊन गेले. खाला अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं मला ओळखलं, बस म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं, आधीच्या मुलाचंही. तिनं मुलीची मांडी चिमटीत धरून पाहिली.

"करडई हाय ना घरात?" तिनं विचारलं.

करडईच्या दुधाची हुग्गी आमच्यातही करतात. पण गूळ घालून केलेली ती गव्हाची खीर, सणाला मोठ्यांनी खायची. करडईनं पोट सुटतं म्हणून लेकराला कोणी ती देत नाही. खाला म्हणाली, पोट सुटतं कारण तुम्हाला करता येत नाही. तिनं आतून मूठभर भिजलेली करडई आणली, पाट्यावर वाटली, फडक्यातून पिळली. पहिलं पाणी ओतून दिलं. दुसरं आणि तिसरं ठेवलं. भाजलेल्या तांदळाच्या पातळ पेजेत ते मिसळून मंद आचेवर हलवत राहिली. हात थांबला की फाटतं, म्हणाली. गूळ खाली उतरवल्यावरच. आधी एक चमचा, तीन दिवस तेवढाच. पचलं तर दोन.

ती हलवत असताना मीच बोलले, की आमच्या घरात सात म्हशी आणि मला लेकराला पाजायला काही नाही.

"पाच," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"पाच तुमच्या. दोन आमच्या. कपाळावर चांद हाय ती, आन् तिची लेक. तुझ्या सासऱ्यानं नेल्या, सांभाळायला म्हणून."

चांदवाली म्हैस मला ठाऊक होती. अव्वानं मुलासाठी तिचंच दूध आधी काढलं होतं, कारण ती सर्वांत गोड दूध द्यायची. मी विचारलं ते आज मला स्वतःलाच लागतं, पण मी विचारलं. म्हटलं, खाला, तुमी आमच्या घराला शाप दिल्ता का?

ती हलवायची थांबली नाही.

"माझे शाप लागले असते बेटी, तर ज्यांनी माझी माणसं मारली ते बाजारात पान खात फिरले नसते. तुझ्या पोराला कामून लागंल? त्याच्याशी माझं काय होतं?"

मग तिनं मडकं उतरवून माझ्यापुढं ठेवलं. घरी येऊन नवऱ्याला म्हशींचं सांगितलं. तो म्हणाला, माहीत हाय. एवढंच.

पहिले चार दिवस मी केलेलं करडईचं दूध फाटलं. कधी कडू व्हायचं, कधी तळाला लागायचं. पाचव्या दिवशी जमलं. मुलीनं चमचा चाटला आणि पुन्हा तोंड उघडलं. दोन दिवस पोट ढिलं झालं, मी रात्रंदिवस दुपटी उघडून पाहत होते, पण रक्त नव्हतं. महिन्यानं मांडीला हात लावला तेव्हा कातडीखाली मांस लागलं. तेव्हाही मला आनंद झाला असं म्हणवत नाही. मी पाट्यावर वाटताना सारखं मोजत होते, की ही करडई तेव्हाही घरातच होती. पोतं माजघरात उभं होतं. मुलाचा पाळणा त्याच्यापासून चार हातांवर होता.

पुढं मीच एकेक गोष्ट करून पाहू लागले. शेंगदाणे भिजवून, टरफलं चोळून काढून, वाटून पिळले की दाट दूध निघतं; ते चांगलं उकळावं लागतं, नाहीतर कच्चट वास राहतो. त्याचं दही लावायचं तर विरजण कुठलं? विरजण म्हणजे दूधच. खाला म्हणाली हिरव्या मिरचीचे देठ टाक. पाचसहा देठ कोमट दुधात टाकून उबेला ठेवले, दुसऱ्या दिवशी आंबट झालं होतं. खरवसासारखं घट्ट नाही, वर पाणी सुटलेलं, पण आंबट. ते घुसळून बेसन लावून कढी केली. धपाटी त्यातच मळली. तीळ वाटून भाकरीवर लोण्यासारखे लावायला लागले. एका दुपारी नवरा रानातून आला, घरचं ताट वाढलेलं असताना माझ्या तीन दगडांपाशी येऊन बसला आणि कढी मागितली. खाऊन झाल्यावर पुन्हा वाटी पुढं केली. त्यानंतर करडई घाण्यावर जायच्या आधी तो दोन पायली माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचा.

अव्वाला हे पाहवत नव्हतं. ती वाईट बाई नव्हती. सात म्हशींच्या घरातलं लेकरू भिकाऱ्यासारखं पेंड पिऊन वाढतंय, असं ती शेजारणींना सांगताना मी ऐकलं, आणि तेव्हा ती खरंच रडत होती.

मुलगी सव्वा वर्षाची असताना येळवस आली. त्या अमावास्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची खोप करून आत लक्ष्मी मांडतात, आणि ताकातली आंबील मडक्यानं नेतात. मी शेंगदाण्याच्या ताकाची वेगळी आंबील लहान मडक्यात नेली होती. पूजा झाली. मी शेताच्या चारी कडांनी आंबील शिंपडायला गेलेल्या नवऱ्याच्या मागं चालले होते. मुलगी अव्वापाशी होती.

अव्वाची हाक ऐकू आली तेव्हाच मला कळलं. अव्वानं मोठ्या मडक्यातली आंबील तिला पाजली होती, वाटीच्या तळाएवढी. लक्ष्मीचा परसाद, त्यानं काय होणार, असं तिला वाटलं. मी पोचले तेव्हा मुलीचे डोळे सुजून मिटले होते. अंगभर गांधी. श्वास घेताना छातीतून शीळ वाजत होती. मी तिला उलटी धरून घशात बोट घातलं. ती ओकली, पुन्हा ओकली, आणि मान टाकली. नवऱ्यानं बैल जुंपले. औराद तीन कोस. अव्वा अनवाणी धावत येऊन गाडीत चढली.

नाला ओलांडेपर्यंत मी तिच्या तोंडाला कान लावून होते. कधी शीळ यायची, कधी काहीच नाही. नाल्याच्या चढावर ती परत एकदा ओकली आणि रडली. बारीक, पण रडली. मग हळूहळू श्वास मोकळा होत गेला. ओठ अजून जांभळे होते.

अव्वा समोर बसून तिच्याकडं पाहत होती. ती म्हणाली, "त्याला बी असंच व्हायचं."

"व्हय."

"अंगावर अशाच उठायच्या. मी म्हनायची पित्त हाय." मग ती म्हणाली, "मीच पाजलं त्याला. तू उठली नव्हतीस तवापासून."

"मी बी पाजलं, अव्वा. मीच नाक दाबायची."

यापुढं आम्ही कधी त्याच्याविषयी बोललो नाही. गाडीवर बसलेल्या माझ्या नवऱ्यानं मागं वळून पाहिलं नाही, पण बैल चालायचे थांबले होते आणि त्याला ते कळलं नव्हतं.

मुलगी वाचली. आठवडाभर तिचा घसा घरघरत होता. अव्वा सुतकात असल्यासारखी एका जागी बसून असायची. नवव्या दिवशी तिनं माझ्या नवऱ्याला सांगितलं, नाल्यापलीकडच्या दोन म्हशी नेऊन दे. कुणाच्या, हे म्हणाली नाही. तो चांदवालीला आणि तिच्या लेकीला दाव्यानं घेऊन गेला. खालानं दावं हातात घेतलं आणि म्हशी आत बांधल्या.

तिच्याकडं कडबा नव्हता, चारायला माणूस नव्हतं. महिन्याभरात दोन्ही म्हशी औरादच्या बाजारात विकून ती नातीला घेऊन लेकीकडं हैदराबादला निघून गेली. जाताना मला भेटली नाही. मी तीळ घेऊन गेले तेव्हा दाराला कुलूप होतं आणि अंगणात पाटा पालथा पडलेला होता. म्हशी परत गेल्या म्हणून काही फिटलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. तीन माणसं होती ती.

अव्वानं त्या येळवशीपासून दूध, तूप तोंडात घातलं नाही. मी विनवलं, वय झालंय, शरीराला लागतं. ती माझ्या मडक्यातलं खायची, माझ्याच तीन दगडांपाशी बसून. दात नव्हते, भाकरी कढीत कुस्करून द्यावी लागायची. दोन वर्षांनी ती गेली, तोवर घरातल्या म्हशी तीनवर आल्या होत्या.

मुलगी किरकोळ अंगाची राहिली, थंडीत छाती वाजायची, पण चालती-बोलती झाली. कुणी हातावर काही ठेवलं की आधी मला आणून दाखवायची. आपण म्हैसूर राज्यात का गेलो, मुंबईकडं का नाही, असं चावडीवर बोलणं चाललं होतं, त्या साली ती शाळेत जायला लागली. मास्तरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते हसले नाहीत. पाटीमागं खडूनं लिहून ठेवलं.

तोवर माझी गोष्ट आजूबाजूच्या गावांत गेली होती. बाया लेकरं घेऊन यायच्या. कुणाला जंत असायचे, कुणाला नुसती उपासमार. ज्याला दूध चालत नाही असं लेकरू मला त्या सगळ्यांत एकच दिसलं. आमच्याच गावची लेक, कडगंचीला दिलेली. माहेरी आली होती. आठ महिन्यांचा मुलगा, गालावर तशीच खरखर, दुपट्यात रक्त. तिची सासू त्याला शेळीचं दूध देत होती. मी त्याची मांडी चिमटीत धरली, आणि कातडी सोडल्यावर ती तशीच उभी राहिली.

मी तिच्यापुढं बसून करडई वाटली. पहिलं पाणी ओतून दिलं, दुसरं ठेवलं, हात न थांबवता हलवलं. चमच्यानं ओठाला लावलं. त्यानं गिळलं. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, अक्का, घेतलं की त्यानं. मी व्हय म्हटलं. तिला सांगितलं की अंगावरचं पाजत राहा, तू तूप-दूध सोड, उद्याच बीदरला ने. तिनं सगळं केलं. माझ्या नवऱ्यानं गाडी जुंपली, त्यांना बीदरला सोडून आला.

तिसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातानं परत आली. डॉक्टर म्हणाले होते, एक महिना आधी आणायला पाहिजे होतं. ती माझ्या ओट्यावर बसली आणि तिनं मला विचारलं की तिच्या हातून काय चुकलं. मला ठाऊक होतं तेवढं मी तिला सांगितलं, माझ्या मुलाचंही सांगितलं. मग आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिलो.